ह्यांचं ताकाओका

१४ ऑक्टोबर

ही वही चिनात्सुने दिली. म्हणाली, "आई, बाबांच्या तक्रारी मला फोनवर सांगण्यापेक्षा ह्यात लिहीत जा. वही मधेच 'मला ऑफिसला जायचंय' असं म्हणत नाही." तर लिहिते.

आज ह्यांना निळं जाकीट मिळालं. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'ताकाओका नगर-सोबती'. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसांना गाव दाखवायचं, तेही फुकट. चाळीस वर्षं ॲल्युमिनियमच्या कारखान्यात खडखडाटावर ओरडून बोलायची सवय लागलेली. निवृत्त झाल्यावर तरी आवाज जरा खाली येईल असं वाटलं होतं. आता त्याला जाकीट मिळालं.

आरशासमोर उभे राहून म्हणाले, "कसं दिसतंय?"

"पेट्रोल पंपावरच्या माणसासारखं."

"तुला काय कळणार. तू टेकडीपलीकडची."

लग्नाला अडतीस वर्षं झाली. माझं माहेर तोयामा, कुरेहा टेकडीच्या पलीकडे, आगगाडीने वीस मिनिटं. पण ह्या गावाला मी अजून 'तोयामाची सेत्सुए'. सासूबाई गेल्या तेव्हा वाटलं, आता हे थांबेल. तर त्यांचं काम ह्यांनी अंगावर घेतलं. चिनात्सु लग्न करून दुसऱ्या बाजूच्या कानाझावाला गेली, त्या लग्नात उभे राहून हे म्हणाले होते, "बायको तोयामाची, लेक आता कानाझावाची. आगगाडीच्या बाकावर दोन लठ्ठ माणसांच्या मधे बसावं, तसा मी आणि माझं ताकाओका." सगळे हसले. कानाझावाचे व्याहीसुद्धा.

३ नोव्हेंबर

न्याहारीला भात, मिसो सूप आणि इतिहास.

"सोळाशे नऊ," वाटीच्या कडेवर जेवणाची काडी ठोकत हे सुरू झाले, "तोशिनागा सरदारांनी इथल्या माळावर किल्ला बांधला. का बांधला?"

"आमचा जळला म्हणून."

खोटं नाही. सरदार राहत होते तोयामाच्या किल्ल्यात. तो जळला, म्हणून इकडे आले. आमच्याकडे आग लागली नसती तर ह्यांच्या गावात आजही कोल्हे ओरडत असते.

"मुद्दा तो नाही."

"मग मुद्दा हा, की तुमचा किल्ला टिकला किती? सहा वर्षं. माझा भाताचा कुकर त्याहून जास्त टिकलाय."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी डोळे चमकायला लागले. "तिथेच तर गंमत आहे! सरदार वारले, वरून हुकूम आला आणि किल्ला पाडला. शिपाई, कारकून, सगळे कानाझावाला चालते झाले. अशा गावाने मरायचं असतं. मेलं का? नाही! पुढच्या सरदाराने फर्मान काढलं, कुणीही गाव सोडून जायचं नाही. ओतारी, तांदूळवाले, मीठवाले, ज्याने त्याने इथेच राहायचं. किल्ल्यावाचूनचं गाव, सेत्सुए! जगात किती असतील?"

"म्हणजे लोकांना डांबून ठेवलं."

"डांबून नाही गं. धरून ठेवलं."

सूप गार झालं. माझं नाही, ह्यांचं. मी पिऊन भांडी घासायलाही घेतली होती.

२५ नोव्हेंबर

काल दिवसभर हिवाळी गडगडाट. हा गडगडाट समुद्रातल्या 'बुरी' नावाच्या माशांना जागं करतो म्हणतात. मासे जागे झाले असतील, पण ह्यांचा स्वतःचा गडगडाट बसलाय. परवा गावातल्या मोठ्या बुद्धाच्या मूर्तीसमोर कुठल्याशा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना सांगत होते, की पूर्वीची लाकडी मूर्ती पुन्हा पुन्हा जळायची, शेवटी आमच्या ओताऱ्यांनी ब्राँझची ओतली, आता जाळून दाखवा! हे वाक्य ओरडल्याशिवाय ह्यांना म्हणताच येत नाही. तेव्हापासून घोगरा.

मुळ्याचे काप मधात घालून ठेवलेत. सुटेल त्या पाण्याचे दोन चमचे सकाळ-संध्याकाळ. मुकाट्याने घेतात. एरवी औषध म्हटलं की तोंड फिरवणारा माणूस.

१४ डिसेंबर

बाजारात मुरोयाबाई भेटल्या. नगर-सोबत्यांच्या त्या प्रमुख. पूर्वी त्यांचं मिठाईचं दुकान होतं. वय बहात्तर, चाल माझ्याहून झपझप. हे मंगळवारी बैठक आहे म्हणून बाहेर पडतात, तर मी म्हटलं, दर मंगळवारी बैठक म्हणजे अतीच झालं, माणसाला घरची कामं असतात.

त्या टोपलीतला कोबी खाली-वर करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो का. बघते हं."

घरी येईपर्यंत माझी ट्यूब पेटली. मंगळवारी बैठक नसतेच! मग हे जातात कुठे? पाचिंकोच्या जुगारखान्यात, दुसरं कुठे. कारखान्यात असताना दोन वर्षं ते वेड होतं, सासूबाईंनी कान धरून सोडवलं होतं. विचारणार नाही. बघू किती दिवस खोटं बोलतात.

१० जानेवारी

बर्फ. दारासमोरचं दोनदा काढलं.

नव्या वर्षात तीन गोष्टी नवीन. एक, रात्रीची गरम साके प्यायची आपणहून सोडली. दोन, न्हाणीघरात दार लावून सबंध इतिहास हळू आवाजात म्हणतात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मंत्र म्हटल्यासारखा. तीन, माझ्याशी भांडत नाहीत. मी मुद्दाम म्हटलं, "नवी बुलेट ट्रेन आली ती तुमच्या जुन्या स्टेशनाला फाटा देऊन बाहेर शेतात थांबते, त्यालाही सरदारांचं फर्मान असेल." नुसते हसले.

पाचिंकोत हरत असावेत. हरणारा माणूस घरात गरीब होतो.

१७ फेब्रुवारी



दुपारी इस्पितळातून फोन. "त्सुजी इसाओ मंगळवारी आले नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, आता घरच्या माणसाला बरोबर आणा. तुम्ही त्यांच्या कोण?"

मी त्यांची कोण. हे अंगणात बर्फ काढत होते. मी चपलाही न घालता पायरीवर गेले.

"मंगळवारी कुठे जाता?"

फावडं थांबलं. "फोन आला होय."

"काय झालंय?"

गळ्याकडे बोट केलं. "गाठ आहे इथे. चांगली नाही म्हणतात." आवाज असा, की करपलेली कढई खरवडावी. हा आवाज मी तीन महिने ऐकतेय आणि मुळा कापतेय!

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू लगेच इस्पितळात टाकलं असतंस. मे महिन्यापर्यंत थांबावं म्हटलं." मग म्हणाले, "पाय बघ तुझे. आत जा."

मी गेले नाही. तिथेच उभी राहून वाटेल ते बोलले. शेजारच्या घराची खिडकी उघडली, तशी बंद झाली.

२१ फेब्रुवारी

डॉक्टर चिनात्सुच्या वयाचे, तोक्योचे. चित्र काढून समजावलं. किरणं आता पुरणार नाहीत, स्वरयंत्र सगळं काढायचं. मानेला भोक राहील, श्वास तिथून.

"जेवता येईल?" मी विचारलं.

"येईल."

"बोलता?"

"अन्ननलिकेतून आवाज काढायला शिकवतात. वेळ लागतो. सगळ्यांना जमतं असं नाही."

हे म्हणाले, "एक मेनंतर करू."

"त्सुजीसान, थांबण्यासारखं राहिलेलं नाही. एक मेला काय आहे?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाठीचं ऐकून चेहरा हलला नव्हता तो आता हलला. "एक मेला काय आहे म्हणतो हा!"

एक मेला सात रथ निघतात. चारशे वर्षं निघताहेत. ह्या वर्षी ह्यांच्याकडे पहिल्यांदा रथाच्या दिवसाचा गट आलाय. मुरोयाबाई असा दिवस कुणालाही देत नाहीत. हे डॉक्टरांना सांगायला लागले तर खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. नर्स धावली.

 

२२ फेब्रुवारी

चिनात्सु सकाळपासून फोनवर रडतेय. बाप ऐकत नाही. "दोन महिन्यांनी काय बिघडतं," एवढंच.

संध्याकाळी भाजी चिरताना माझ्या तोंडून निघून गेलं, "एक मेला मी सांगते."

"काय सांगतेस?"

"गाव. तुमचा गट मी नेते. तुम्ही इस्पितळात जा."

हसायला लागले, हसण्याचा खोकला झाला. "तू! पाहुण्यांना काय सांगशील? किल्ला कुकरएवढाही टिकला नाही म्हणून?"

"मग शिकवा. अजून आवाज आहे ना थोडा? न्हाणीघराच्या भिंतींना ऐकवून कशाला वाया घालवताय?"

 मग उठून बाहेर फोनपाशी गेले. मुरोयाबाईंशी बोलले, मग इस्पितळाशी. परत येऊन बसले. "पंधरा मार्च," म्हणाले. आणि लगेच, "ओतारी कुठल्या सरदाराने आणले आणि किती?"

"पाच?"

"सात! अरे देवा!"

मी हे कबूल का केलं मला माहीत नाही. शाळेत कविता म्हणायला उभी केली की मला उलटी व्हायची.

२ मार्च

धडे जोरात. मी चुकते, हे चिडतात, आवाज जातो, मी पाणी देते, परत सुरू. १९०० सालची आग मला पाठ होत नाही. म्हणजे आग लक्षात आहे, बाजारपेठ जळली, व्यापाऱ्यांनी मग मातीच्या जाड भिंतींची काळी घरं बांधली, हे सगळं. साल राहत नाही. हे म्हणतात साल महत्त्वाचं. मी म्हणते माणसं महत्त्वाची, ज्याचं घर जळलं त्याला साल विचारता का?

आज मुरोयाबाईंपुढे म्हणून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "सेत्सुएसान, हा इतिहास होता की शेजारणीची उणीदुणी?"

माझा चेहरा उतरला.

"तसंच सांगा," त्या म्हणाल्या. "इसाओसान सांगतात तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. तुम्ही सांगाल तेव्हा ऐकतील."

हे कोपऱ्यात बसून उगीचच नखं कापत होते.

९ मार्च

किल्ल्याच्या बागेत गेलो. किल्ला नाही, पण खंदक तसेच आहेत, भरलेले. काठाला मळकट बर्फ, बदकं. बाकावर रुमाल अंथरून बसलो. समुद्रातल्या कोम्बू शेवाळात गुंडाळलेले भाताचे गोळे नेले होते.

मी एक विचारलं, इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. "लग्नाआधी तुम्हाला तोक्योच्या कंपनीने बोलावलं होतं. सासूबाई सांगायच्या. पगार दुप्पट. का नाही गेलात?"

"फर्मान होतं ना."

"कसलं फर्मान?"

"गाव सोडून जायचं नाही, असं."

चारशे वर्षांपूर्वीचं फर्मान! सरळ विचारलं तर सरळ उत्तर देतील तर शपथ. मग बदकांना भात टाकत बसले. आवाज आता इतका बारीक झालाय, की ऐकायला मला कान अगदी जवळ न्यावा लागतो. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, ह्या वयात काय कानगोष्टी चालल्यात.

१५ मार्च

सकाळी इस्पितळात. चिनात्सु आणि जावईही आले होते. आत न्यायच्या आधी नर्स म्हणाली, "त्सुजीसान, घरच्यांना काही सांगायचं असेल तर सांगून घ्या," आणि आपण जरा बाजूला झाली. शिकलेली मुलगी, कळतं तिला.

चिनात्सु हात धरून उभी. मी पलीकडे. मी वाट बघत होते. अडतीस वर्षांनंतर माणूस काय म्हणेल?

हे खिडकीकडे बघून म्हणाले, "छत्री आणलीस ना? दुपारी पडणार."

आणली नव्हती. आमच्याकडे म्हणच आहे, जेवणाचा डबा विसरा पण छत्री विसरू नका, आणि मी नेमकी आजच विसरले. मी म्हटलं, "आणलीय." ढकलगाडी गेली.

दुपारी पडला. ऑपरेशनला नऊ तास लागले. सगळं नीट झालं, असं डॉक्टर म्हणाले.

१९ मार्च

खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते. पहिल्या दिवशी घरी आल्यावर शांतता बरी वाटली. कुणी वाटीवर काडी ठोकत नाही, कुणी सालं विचारत नाही. भात शांतपणे खाल्ला. दुसऱ्या दिवशी रेडिओ लावला. काल न्हाणीघरात केस धुताना माझ्या लक्षात आलं, की मी मोठ्याने बोलतेय. "सोळाशे नऊ. तोशिनागा सरदारांनी इथल्या माळावर." ह्यांच्याच चालीत. ओरडून.

२ एप्रिल

नाकातली नळी निघाली. आज पातळ पेज खाल्ली. पांढरी पाटी आणि पेन दिलंय. सोळाशे पंधरापर्यंत पोचायला ज्या माणसाला पाऊण तास लागायचा तो आता लिहितो, 'पाणी.' 'पुरे.' 'उशी.' आवाज काढायला शिकवणारे एक गृहस्थ आले होते, त्यांचंही असंच झालेलं. ढेकर दिल्यासारखा आवाज, पण कळत होतं सगळं. ते म्हणाले, आधी नुसता 'आ'. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

१० एप्रिल

घरी आलेत. किल्ल्याच्या बागेत चेरी फुललीय, बाहेर सगळं गाव हिंडतंय. हे आतल्या खोलीत.

मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचार केला नव्हता, की श्वास तोंडातून जात नसला की फुंकर मारता येत नाही. शेवयाही सुर्रकन ओढता येत नाहीत. आज सुपाची वाटी समोर ठेवली तर हे नुसते वाफेकडे बघत बसले. मग माझ्या लक्षात आलं. वाटी ओढून घेतली, फुंकून निववली, परत ठेवली. त्यांनी पाटी घेतली. लिहिलं, 'लहान मूल नाही.' मी म्हटलं, "माहितीय. लहान मूल इतका वेळ लावत नाही."

प्यायले. सगळं.

२० एप्रिल

दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत. मानेवर पट्टी, त्यावर रुमाल, तरी नाही. मुरोयाबाई जाकीट इस्त्री करून देऊन गेल्या. एक ह्यांचं, एक माझ्या मापाचं. माझं मी घालून पाहिलं. पेट्रोल पंपच. ह्यांनी पाटीवर लिहिलं, 'एक मेला मी येणार नाही. तू जा.'

"मी एकटी?"

'पाठ आहे तुला.'

"एकोणीसशेची आग पाठ नाही."

ह्यांनी लिहिलं, 'आता आहे.' आणि पाटी उलटी ठेवली. मला इतका राग आला! पाठ करायचं मी, सांगायचं मी, आणि ज्याच्यासाठी हे सगळं करायचं तो आत बसून राहणार. रात्रीची भांडी जरा जास्तच आपटली.

२६ एप्रिल

मुरोयाबाईंना परत एकदा म्हणून दाखवलं, आमच्याच घरी, बाहेरच्या खोलीत. आतल्या खोलीचं दार बंद. मी मोठ्या बुद्धाशी आले आणि सांगितलं, ही मूर्ती पुरी व्हायला तीन वर्षं लागली. दारावर धाडकन हात. मी थांबले. मुरोयाबाई म्हणाल्या, "वारा असेल. चालू द्या."

मी पुढे गेले, रथांची चाकं कुणी घडवली ते सांगितलं. परत धाडकन. मग दार उघडलं आणि हे पाटी घेऊन उभे. लिहिलं होतं, 'तीन नाही! सव्वीस वर्षं!! गावकऱ्यांच्या वर्गणीतून!' जागा संपली म्हणून शेवटचे शब्द कडेने वर गेले होते.

मुरोयाबाई चहा घेत ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "ही अशी चुकली एक मेला तर कोण सांगणार?" आणि निघून गेल्या. मला जरा लागलंच ते. एवढी काही मी चुकत नाही.

३० एप्रिल

ह्यांनी स्वतःचे बूट पुसले. विचारलं तर लिहिलं, 'न्हाव्याकडे जायचंय उद्या.' रथाच्या दिवशी कुठला न्हावी दुकान उघडतो? पण बाहेर पडताहेत हेच पुष्कळ, बोलले नाही.

१ मे

पाय सुजलेत, पण आजच लिहिणार.

सकाळी नऊला दारात आले तर हे माझ्या आधी उभे. निळं जाकीट, मानेला निळाच रुमाल, पिशवीत पाटी. मी म्हटलं, "न्हावी?" त्यांनी रस्त्याकडे बोट केलं, म्हणजे वाट एकच आहे. बरं, म्हटलं.

गट म्हणजे तोयामाच्या ज्येष्ठ नागरिकांचं मंडळ. मुरोयाबाईंनी मला हे आधी सांगितलं नव्हतं. माझ्याच माहेरची एकवीस माणसं, आणि त्यांना मी ताकाओका सांगायचं!  कविता म्हणायला उभं केल्यासारखं. किल्ल्याच्या खंदकापाशी सगळे अर्धगोल उभे राहिले. हे माझ्या मागे डावीकडे.

"सोळाशे नऊ साली," मी म्हटलं आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. काहीच नाही. बदकं तेवढी दिसत होती. मागे पाटीवर पेन चालल्याचा आवाज आला, पण मी वळले नाही, वळले असते तर रडले असते. मग मी म्हटलं, "सोळाशे नऊ साली तुमच्याकडे आग लागली म्हणून हे गाव जन्मलं. तेव्हा आज आधी तुमचे आभार."

हसले सगळे. मग आलं. एकामागून एक आलं सगळं, सहा वर्षांचा किल्ला, फर्मान, सात ओतारी. कुकरही आला. मागून दोनदा जाकीट ओढलं गेलं, दोनदा मी पाटीकडे बघून साल सुधारलं. लोकांना ते आवडलंच. एक बाई म्हणाली, "जोडी छान आहे, एक बोलतं, एक रागावतं."

तेवढ्यात एका आजोबांनी विचारलं. नव्वदीच्या जवळचे, काठी टेकलेली. "युद्धात इथे बॉम्ब पडले नाहीत ना? तुमचं गाव नशीबवान."

ह्याचं उत्तर ह्यांनी मला शिकवलेलं होतं: पडले नाहीत, जुनी घरं म्हणूनच राहिली, पुढे चला. मी तेच म्हणणार होते.

पण माझ्या तोंडून निघालं ते असं: "पडले नाहीत. पण ऑगस्टच्या त्या रात्री तोयामावर बॉम्ब पडले तेव्हा सगळी आळी इथे, ह्या बांधावर येऊन उभी राहिली होती. पूर्वेचं आभाळ लाल होतं. माझ्या सासूबाई वीस वर्षांच्या होत्या, त्या उभ्या होत्या. आणि माझी आई त्या लाल आभाळाखाली होती, जिन्झू नदीत, गळ्यापर्यंत पाण्यात, धाकट्या भावाला डोक्यावर धरून. माझं लग्न ठरलं तेव्हा दोघी पहिल्यांदा भेटल्या. चहा देताना सासूबाईंनी विचारलं, तुम्ही त्या रात्री कुठे होता? आई म्हणाली, पाण्यात. आणि तुम्ही? सासूबाई म्हणाल्या, बांधावर. बघत होते. मग त्यांनी चहा बाजूला ठेवला आणि माझ्या आईपुढे कपाळ टेकलं. किती तरी वेळ वर उचललंच नाही. माझी आई म्हणत होती, अहो उठा, तुम्ही काय केलंत त्यात. मी दाराआडून बघत होते. त्यानंतर सासूबाईंनी मला जन्मभर टोमणे मारले, पण माझ्या आईला दर वर्षी नवा तांदूळ आधी पाठवला, मग घरात शिजवला."

 मला वाटलं, झालं, बिघडवलं मी. आज सणाचा दिवस, असलं काय सांगायचं! लांबून पहिल्या रथाची बासरी ऐकू यायला लागली होती.

आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. म्हणाले, "मीही नदीत होतो." मग म्हणाले, "म्हणजे पोरी, तू आमची तोयामाचीच."

"नाही हो," मी म्हटलं. "आई तोयामाची. मी इथली."

मग रथ आले. चाकं माणसाहून उंच, वर फुलांची ती प्रचंड छत्री, आणि वळणावर चाकाचा तो कण्हल्यासारखा आवाज. लोक फोटो काढायला धावले. आजोबांना मी सावलीत खुर्ची मिळवून दिली. बटाट्याचे ते तळलेले कोरोक्के कुठे चांगले मिळतात, ते कुणीतरी विचारलं, तेही सांगितलं. चारला बस गेली. मुरोयाबाई लांबून बघत होत्या, हात वर करून निघून गेल्या.

आजोबांशी माझं ते बोलणं झाल्यापासून ह्यांना काय झालं होतं कळलं नाही. एवढा ह्यांचा सण, सातच्या सात रथ समोरून गेले आणि हे एकदाही तिकडे बघेनात. माझ्याकडेच बघत उभे. खांदे हलत होते. मला वाटलं, खोकला आला, म्हणून रुमाल सोडून पट्टी नीट केली, परत बांधला. पाटी घेतली, काहीतरी लिहिलं, मला दिसायच्या आत तळहाताने पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. तळहात काळा झाला. मग तोंड उघडलं आणि पोटातून जोर लावून, त्या इस्पितळातल्या गृहस्थांनी सांगितलं होतं तसा, एक ओबडधोबड 'आ' काढला. शेजारून जाणारी मुलगी दचकली.

एवढ्या गर्दीत सराव कशाला करायचा? घरी बसून करावा की!

येताना ट्राममध्ये विचारलं, "कुठे चुकलं ते तरी सांगा. तांदळाचं सांगायला नको होतं का?" मान हलवली, नाही. "मग साल?" नाही. लिहून द्या म्हटलं तर पाटी पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधून टाकलं आणि माझा हात धरून बसले, स्टेशन येईपर्यंत, सगळ्यांच्या देखत.

उद्या मुरोयाबाईंना विचारते. कुठेतरी मोठीच चूक झालेली दिसते.